हीटरचा प्लग दर थंडीत जळतो, पण दोष हीटरचा नसतो

"कुणाकडे तरी सुके बोंबील भाजतायत," आई म्हणाली. जानेवारीतली सकाळ, साडेसहाची वेळ. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या मागच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो, तो धुक्यात होता. वास मलाही आला. पण सकाळी साडेसहाला बोंबील कोण भाजेल? मी सरळ हीटरच्या प्लगकडे गेलो, कारण तो वास मी आधीच्या दोन थंड्यांत घेतला होता. बेकलाइट आणि वायरचं प्लॅस्टिक हळूहळू भाजायला लागलं की असाच, जुन्या सुकटीसारखा वास येतो. धूर नंतर येतो, ठिणगी त्याच्याही नंतर. स्विच बंद करून प्लग ओढला तर एक पिन स्वच्छ पिवळी आणि दुसरी, न्यूट्रलची, काळी-निळी. तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं.

ओळीने तिसरा हिवाळा, आणि तिन्ही वेळा हाच प्रकार. पहिल्या वर्षी मी हीटर जुना झाला म्हणून नवा आणला. दुसऱ्या वर्षी थ्री-पिन टॉप बदलला, चांगला, भरीव पितळी पिनांचा. तरी तिसऱ्या वर्षी तीच पिन जळाली. आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तेव्हा आणखी चार घरांत हेच घडल्याचं कळलं, आणि प्रत्येकाने दोष हीटरलाच दिला होता. म्हणून सविस्तर लिहितोय. वागळे इस्टेटमध्ये रंगाच्या भट्टीवर मी सव्वीस वर्षं मेंटेनन्स केला. पत्र्याच्या भागांवर रंग मारून ते इन्फ्रारेड दिव्यांखालून न्यायचे आणि रंग वाळवायचा, हे आमचं काम. लाल तापलेली तार काय करते आणि काय करत नाही, हे त्यामुळे जवळून पाहिलंय.

आधी हीटरचं गणित, कारण प्लगचं उत्तर त्यातच आहे.

आमचा हीटर दोन रॉडचा, २००० वॉटचा. चिनी मातीच्या नळीवर नायक्रोमची तार गुंडाळलेली, मागे चकचकीत पत्र्याचा रिफ्लेक्टर, पुढे जाळी. नायक्रोम म्हणजे साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. या मिश्रधातूचं पेटंट १९०६ साली अमेरिकेत आल्बर्ट मार्श यांना मिळालं आणि टोस्टरपासून इस्त्रीपर्यंत सगळं त्यावर उभं राहिलं. लालभडक तापूनही ही तार जळून जात नाही, कारण तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो हवेला आत शिरू देत नाही. लोखंडाची तार याच तापमानाला काही तासांत भुगा होईल.

एका रॉडचा रोध सुमारे ५३ ओहम. २३० व्होल्टला त्यातून ४.३५ अँपियर जातात, दोन्ही रॉड लावले की ८.७. हा प्रवाह मीटरपासून एमसीबी (मेन बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच), भिंतीतली वायर, स्वीचबोर्ड, सॉकेटची पत्ती, प्लगची पिन, हीटरची केबल आणि मग रॉड असा जातो, आणि दुसऱ्या, न्यूट्रलच्या पिनेतून आणि वायरीतून परत येतो. वाटेत जिथे जिथे रोध आहे तिथे तिथे उष्णता होणार. रॉडमध्ये झाली तर ती आपल्याला हवी आहे. पिनेवर झाली तर तो बिघाड.

आता पिन आणि सॉकेटची पत्ती यांच्यात नीट दाब नाही, मध्ये काजळी धरली आहे, आणि तिथे ०.३ ओहम रोध तयार झाला असं धरा. ऐकायला काहीच नाही. पण ८.६ अँपियरचा वर्ग करून त्याला ०.३ ने गुणा. २२ वॉट येतात. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं आणि ते शिसं-कथील वितळवतं. तेवढी उष्णता मसूरडाळीएवढ्या जागेत, तीही प्लॅस्टिकच्या पोटात, दोन तास. भाजल्याचा वास येणारच.

एमसीबी का पडत नाही, हा प्रश्न मला चारही घरांत विचारला गेला. एमसीबी प्रवाह जास्त झाला की पडतो. इथे तर सैल जोडाने रोध वाढवलाय, म्हणजे प्रवाह ८.७ वरून ८.६ वर उतरलाय. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. सॉकेट वितळून भिंत काळी होईपर्यंत तो वरच राहील. वीज गळाली की पडणारा स्विच म्हणजे आरसीसीबी, त्यालाही हे दिसत नाही, कारण वीज कुठे गळत नाहीये, नेहमीच्याच वाटेने जातेय. त्यामुळे "आमच्याकडे चांगल्यातला एमसीबी आहे" या भरवशावर कृपा करून राहू नका. या बिघाडाची सूचना फक्त नाक आणि हात देतात.

दरवर्षी तोच आजार का उलटतो

तिसऱ्या वर्षी मी मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि बोर्डाची पट्टी उघडली. आत जे दिसलं त्याने दोन वर्षांचं कोडं सुटलं.

सॉकेटच्या न्यूट्रलच्या स्क्रूखाली वायर नीट बसलेलीच नव्हती. वायर सोलताना बारीक तारांपैकी निम्म्या तुटलेल्या, उरलेल्यांपैकी काही स्क्रूच्या बाहेर मिशांसारख्या पसरलेल्या. स्क्रू पेचकसने अर्धा फेरा सहज फिरला. वायरचं लाल-काळं आवरण बोटभर मागेपर्यंत कडक होऊन तडकलेलं. आणि सॉकेटच्या आतली पितळी पत्ती, जी पिनेला चिमट्यासारखी धरते, ती निळसर झालेली. नवी पिन घातली तर ती न अडता आत-बाहेर होत होती.

या पत्तीकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पितळेची पत्ती स्प्रिंगसारखी असते तोवर पिनेला आवळते. ती एकदा चांगली तापली की मऊ पडते आणि तिचा ताठपणा जातो, तो पुन्हा येत नाही. मग पकड सैल, रोध जास्त, उष्णता जास्त, पत्ती आणखी मऊ. हे चक्र आपलं आपणच वाढत जातं. म्हणून जळका प्लग बदलून नवा प्लग त्याच सॉकेटमध्ये लावला की ते सॉकेट नव्या प्लगलाही जाळतं. उलट, नवं सॉकेट बसवून त्यात जुना खड्डे पडलेला प्लग खुपसला तर तो नवी पत्ती बिघडवतो. मी पहिल्या वर्षी हीटर बदलला तेव्हा नव्या हीटरचा नवा प्लग आजारी सॉकेटमध्ये घातला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. दोन्ही वेळा रोग भिंतीत तसाच होता.

तेव्हा करायचं ते असं: प्लग आणि सॉकेट दोन्ही एकाच वेळी बदला, आणि भिंतीतल्या वायरचा भाजलेला तुकडा कापून टाका. कडक झालेल्या, काळवंडलेल्या तांब्यावर नवा स्क्रू कितीही आवळा, जोड चांगला होत नाही. चमकदार तांबं लागेपर्यंत मागे या. वायर पुरत नसेल तर बोर्डात सैल जोड मारून भागवू नका, वायरमनला सांगून नवी ओढून घ्या. सोललेल्या तारा नीट पिळून, शक्य असेल तर लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) चढवून, सगळ्या स्क्रूखाली घ्या. आवळल्यावर वायर हलकी ओढून बघा. या कामाची सवय नसेल तर स्वतः हात घालू नका, पण वायरमन आला की त्याच्या शेजारी उभे राहा. "सॉकेट बदललं, झालं" म्हणून तो निघाला तर पट्टी परत उघडायला लावून वायरचं टोक बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि तेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

इथल्या हवेचाही यात वाटा आहे. हीटर फेब्रुवारीत माळ्यावर जातो आणि डिसेंबरमध्ये खाली येतो. मधे चार महिने ठाण्याचा पाऊस आणि खाडीवरची दमट हवा. खाडीलगत ऐरोली, वाशी, बेलापूरला राहणाऱ्यांना हे जास्त जाणवतं: पितळेवर हिरवट थर, स्क्रूवर गंज. डिसेंबरमध्ये हीटर खाली काढला की पिना बारीक पॉलिश पेपरने पुसून चकचकीत करा. पिनांवर निकेलचा मुलामा असेल तर नुसतं कोरडं फडकं, मुलामा खरवडू नका.

दुसरा गुन्हेगार म्हणजे कन्व्हर्जन प्लग. आपल्याकडच्या बेडरूममध्ये १६ अँपियरचा पॉइंट बहुतेक वेळा एसीसाठी वर छतापाशी असतो, आणि खाली पलंगाजवळ फक्त ६ अँपियरचा. मग लोक जाड पिनेचा प्लग बारीक पिनेच्या सॉकेटमध्ये बसवणारा ठोकळा आणतात. १६ अँपियरची फेज-न्यूट्रलची पिन सुमारे ७ मिलिमीटर जाड, ६ ची ५. ही जाडी उगाच ठरवलेली नाही. ६ अँपियर गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट, त्याच्या वरचा हीटर त्या पॉइंटवर चालवायचाच नाही. शिवाय लाइट-पंख्याच्या पॉइंटला मागे बारीक वायर असते, १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची. पॉवर पॉइंटला २.५ किंवा ४ ची लागते. एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. त्यातून त्याची वायर गुंडाळी करून पलंगाखाली सरकवलेली असेल तर तिची उष्णता बाहेरच पडत नाही. आमच्या शेजारच्या काकूंच्या बोर्डाची गुंडाळी उलगडायला गेलो तर वेटोळी एकमेकांना चिकटलेली होती.

दुरुस्ती होईपर्यंत थांबता येत नसेल, घरात म्हातारं माणूस असेल, तर दुसऱ्या, निरोगी पॉवर पॉइंटवर एकच रॉड लावा. प्रवाह निम्मा झाला की जोडावरची उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. जळालेल्या पॉइंटवर मात्र एकही रॉड नाही.

रॉड लाल, पण खोली गार

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि इथे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं.

विजेच्या हीटरची कार्यक्षमता म्हणाल तर ती सगळ्यांची सारखीच आहे, जवळजवळ १०० टक्के. एक युनिट विजेची एक युनिट उष्णता होते, ८६० किलोकॅलरी. रॉडचा असो, क्वार्ट्झचा असो, हॅलोजन, कार्बन, ऑइलचा किंवा पंख्याचा. "हा कमी विजेत जास्त गरम करतो" असं दुकानदार सांगतो तेव्हा मागचा वॉटचा आकडा वाचा. ८०० वॉटचा कोणताही हीटर ८०० वॉटचीच उष्णता देणार. याहून जास्त मिळवायची तर हॉट-अँड-कोल्ड एसी हवा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून आत ओढून आणतो, म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांची उष्णता देऊ शकतो. आपल्याकडचे बरेचसे एसी नुसते गार करणारे असतात. आणि १०० टक्के हा आकडा आपल्या मीटरपासून पुढचा आहे हेही लक्षात ठेवलेलं बरं. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेतला जेमतेम एक तृतीयांश भाग वीज होऊन बाहेर पडतो.

मग फरक कशात? उष्णता जाते कुठे, यात. पंख्याचा हीटर हवा तापवतो. रॉडचा हीटर बरीचशी उष्णता किरणांनी समोर फेकतो, आणि ती किरणं हवेला फारशी न तापवता ज्या वस्तूवर पडतील तिला तापवतात. भट्टीत आमचा पत्रा हात लावू नये इतका तापायचा आणि शेजारची हवा सोसवण्याइतकीच असायची. रॉडमधून दिसणारा लाल प्रकाश हा त्या किरणांचा अगदी किरकोळ भाग आहे. आठ-नऊशे अंशाला तापलेल्या तारेची सगळ्यात जोरदार किरणं अडीच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) तरंगलांबीच्या आसपास असतात, आणि आपल्या डोळ्याची मजल ०.७ पर्यंतच. पाणी ३ मायक्रॉनच्या जवळपासची किरणं भराभर शोषून घेतं, आणि कातडीत पाणीच पाणी. म्हणून हीटरसमोर बसल्या क्षणी ऊब लागते आणि बाजूला सरकलात की लगेच जाते.

खोलीच्या हवेचं गणित मी एकदा आईला मांडून दाखवलं. आमची खोली दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट. आत जेमतेम ३९ किलो हवा. ती पाच अंशांनी तापवायला २००० वॉटला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी अर्ध्या तासानेही खोली गार का? कारण भिंती. एक घनमीटर काँक्रीट एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात दीड हजार घनमीटरहून जास्त हवा एक अंश तापते. हवा तापते आणि भिंती, फरशी, स्लॅब ती ऊब गिळत राहतात. वर सरकत्या खिडकीच्या फटीतून येऊरचा वारा. "म्हणजे मी भिंतीला शेक देतेय," आई म्हणाली. अगदी बरोबर.

म्हणून खोली तापवायच्या मागे लागू नका, माणसाला शेका. हीटर पायांपासून तीन-साडेतीन फुटांवर, तोंड गुडघ्यांकडे, पाठ भिंतीकडे पण भिंतीला चिकटून नाही. खिडकीच्या फटीत जुन्या सुती साडीची गुंडाळी, पंखा बंद, पायांवर गोधडी नको, कारण ती किरणं अडवते आणि स्वतः तापते. आईला आता एका रॉडवर भागतं. दोन तासांचे दोन युनिट, पूर्वी चार जायचे.

याउपर ऊब कमी वाटत असेल तर रिफ्लेक्टर बघा. चकचकीत पत्रा किरणं समोर परतवतो, धूळ आणि तेलकट थर बसलेला पत्रा ती शोषून स्वतः तापतो आणि हीटरची पाठ गरम होते. आमच्या हीटरचा रिफ्लेक्टर मी पिन काढून, पूर्ण थंड झाल्यावर, जाळी खोलून मऊ ओल्या फडक्याने पुसला तर फडकं चहाच्या गाळासारखं झालं. क्वार्ट्झ किंवा हॅलोजनची नळी पुसताना तिला उघड्या बोटांनी धरू नका. घामातलं मीठ तापल्यावर काचेत शिरतं आणि तिथे पांढरट डाग पडून नळी तडकते. रॉड नेहमीपेक्षा मंद लाल दिसत असेल तर व्होल्टेज तपासा. व्होल्टेज १० टक्के पडलं तर वॉट १९ टक्के पडतात. आणि रॉडवर एकच जागा पांढरट चमकत असेल तर तिथे तार पातळ झाली आहे, रॉड बदला. तुटलेली तार पिळून जोडणारे कारागीर मिळतात, पण तो जोड पुन्हा आधी तिथेच जातो, आणि तार आखूड झाल्याने हीटर जास्त वीज ओढतो.

हीटर अजिबात लागतच नसेल तर तळाशी बोट घालून बघा. कलंडला की बंद होण्यासाठी बऱ्याच हीटरना खाली एक खटका असतो. सतरंजीवर, गादीवर ठेवला किंवा पावसाळ्यात खटका गंजला, की हीटर मेला असं वाटतं. खटका तारेने कायमचा दाबून ठेवू नका. हीटर कलंडला तर आगीपासून वाचवणारा तोच आहे.

ऑइल हीटर लावला की आरसीसीबी पडतो, हा आमच्या बिल्डिंगमधला अजून एक प्रकार. त्याच्या बंद नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती पावसाळ्यात ओल धरते आणि थोडी वीज अर्थिंगला गळते. आरसीसीबी ३० मिलिअँपियरला पडतो आणि त्याने पडायलाच हवं. कुणी अर्थिंगची वायर काढून "दुरुस्त" करून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. वायरमनकडून मेगरने (वीज गळतेय का ते तपासायच्या यंत्राने) तपासून घ्या.

बाळ-बाळंतिणीसाठी हीटर घेणाऱ्यांनी माझी कळकळीची विनंती ऐका. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. विजेचा हीटर प्राणवायू जाळतो हा समज मात्र चुकीचा आहे, त्यात काही जळतच नाही. घसा कोरडा पडतो तो हवा तापल्याने तिची सापेक्ष आर्द्रता उतरते म्हणून. हॉस्पिटलमध्ये नवजात बाळाला ठेवतात तो रेडियंट वॉर्मर याच तत्त्वावर चालतो, पण तिथे बाळाच्या कातडीला सेन्सर चिकटवलेला असतो आणि तो उष्णता कमी-जास्त करतो. आपल्या हीटरला बाळ किती तापलंय ते कळत नाही. तेल लावलेल्या बाळाला एका बाजूने शेक बसत राहतो. त्यामुळे एक रॉड, लांबून, थोडा वेळ, आणि मोठं माणूस जागेवर. लंगोट वाळवायला हीटरवर टाकायचे नाहीत.

दुरुस्ती जमली की नाही हे बघायची माझी रीत साधी आहे. हीटर वीस मिनिटं चालवायचा. स्विच बंद करायचा, प्लग ओढून काढायचा आणि पिनांना बोट लावायचं. आधी हाताची पाठ जवळ नेऊन अंदाज घ्यायचा, मग बोट. कोमट लागली तर ठीक. एक पिन दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापली असेल तर त्या बाजूचा जोड परत उघडायचा, मग ती सोसवत असली तरी. दोन्ही सारख्या तापल्या, पण बोट टिकत नसेल, तर सॉकेट हलक्या प्रतीचं आहे. ही तपासणी पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, कारण नवा स्क्रू तापून-निवून थोडा सैल पडतो. महिन्याने मेन बंद करून मी तो पुन्हा आवळला, पाव फेरा बसला.

आज सकाळी पुन्हा पाहिलं. दोन्ही पिना सारख्याच कोमट. आईने विचारलं, "वास येतोय का रे?" फक्त तिच्या गुडघ्याला चोळलेल्या निलगिरीच्या तेलाचा येत होता.